काळ्यावर काळं

घोंगडी उन्हात धरून बघावी. सावलीत ती नुसती काळी दिसते. उन्हात ते काळं उकलायला लागतं. एका धाग्यात चिंचोक्याच्या सालीचा तांबूसपणा, शेजारच्यात राखेची छटा, मध्येच एखादा पांढरा केस. दख्खनी मेंढरांच्या पाठीवर काळ्याच्या जितक्या तऱ्हा होत्या, तितक्या सगळ्या या पटात उतरलेल्या असतात. रंगाच्या कढईत ही लोकर बुडालेलीच नाही, मग ती एकसारखी दिसणार कशी?

आमच्या घरची घोंगडी आजोबांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत घेतलेली. म्हसवड माणदेशातलं. हा माणदेश आज सातारा, सांगली आणि सोलापुरात वाटला गेला आहे. पण औंध संस्थानाच्या काळात आटपाडी आणि औंध एकाच राज्यात होती. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची 'बनगरवाडी' याच मातीतली. ज्या माळावर पाऊस हुलकावणी देतो, तिथं शेतापेक्षा मेंढरू भरवशाचं, आणि मेंढरामागं चालणाऱ्याला पाठीवर वागवता येईल असं घर हवं. घोंगडी त्या गरजेतून आली.

तिच्या खरखरीतपणाबद्दल बोलायलाच हवं. ज्यांचा हात मेरिनोच्या शालीवर बसला आहे, ते पहिल्या स्पर्शातच हिला नापास करतात. मला हे वाचन चुकीचं वाटतं. दख्खनी लोकर जाड, केसाळ. ती गळ्याभोवती मिरवण्यासाठी नाहीच. भुरभुर पावसात मेंढरांमागं उभं राहिलं, की थेंब वरच्या केसांवर अडतात, आत झिरपायला वेळ घेतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, तरी अंगाला ओलं लागत नाही. एक टोक दुमडून डोक्यावर खोळ केली, की भिंत आणि छप्पर दोन्ही झालं. रात्री वाघूर लावून मेंढरं कोंडली, की तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. 'भिजत घोंगडं' हा शब्दप्रयोग ज्यानं पहिल्यांदा उच्चारला, त्यानं धुतलेली घोंगडी कधीतरी उचलून पाहिली असणार.

विणीत शिरलं की आणखी सापडतं. वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. बाळाच्या पहिल्या केसांसाठी असलेला शब्द तिथं जसाच्या तसा गेला आहे, आणि जावळाच्या घोंगडीला मानही तसाच. बायका लोकर निवडतात, पिंजतात, सूत काततात. मग सनगराच्या किंवा खुटेकर धनगराच्या मागावर काम येतं. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करतात आणि ती कुंचल्यानं ताण्यावर फिरवतात. म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. वापरता वापरता खळ निघत जाते, पट अंगाच्या वळणाला येतो. आमच्या घोंगडीची एक बाजू दुसरीपेक्षा मऊ आहे; आजोबा ती कुठल्या खांद्यावर टाकत, ते त्यावरून कळतं. विणकरानं अर्धं काम करून उरलेलं पांघरणाऱ्यावर सोपवलं, असं मला वाटतं. या कलाकृतीतलं मला सगळ्यांत आवडणारं ते हेच.

मागावरची हीच लय कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीला, बिरोबाच्या बनात, कानाला ऐकू येते. ढोल आणि कैताळाचा ठेका धरला जातो आणि धनगरी ओवी सुरू होते. सुरुवातीच्या नमनाला सुंबरान म्हणतात, आणि सुंबरान 'मांडायचं' असतं. पुढं एकच चाल धोट्यासारखी इकडून तिकडं जाते, प्रत्येक फेरीत कथा बोटभर पुढं सरकते. शहरी कानाला ती एकसुरी वाटते, शहरी डोळ्याला घोंगडी एकरंगी वाटते, तशीच.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तर भंडारा, खारीक, खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवाला वाहायला सोनं नाही, रेशीम नाही. मेंढराच्या अंगावरचं जे आहे तेच.

आणि आटपाडीचा बाजार मेंढराला वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. काही वर्षांपूर्वी तिथं एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी होती. जत तालुक्यातल्या माडग्याळचं हे वाण उंच, देखणं, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाचं. त्याच्या अंगावर लोकर नावापुरतीच. नाकाला, उंचीला, मांसाला मोल आहे आणि दख्खनी मेंढराची कातरलेली लोकर गिऱ्हाईक नाही म्हणून माळावर टाकून द्यावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेंढपाळाला दोष देता येत नाही. त्याला पोट आहे. पण लोकरीचा हा पट वाचता येणारे डोळे उरले नाहीत, तर माग थांबणारच.

आमच्याकडं आजही खंडोबाची तळी भरायची तर आधी घोंगडी अंथरतात. तळी उचलली, भंडारा उधळला, आरती झाली, की मी ती अंगणात नेऊन झटकतो. सतरंजी असती तर एका झटक्यात साफ झाली असती. ही होत नाही. उन्हात धरली, की त्या खरखरीत काळ्यात पिवळे कण अडकलेले दिसतात. काही यंदाचे, काही आजोबांच्या वेळचे.