‘लुक’, पाहणे आणि एक ‘कडे’

इंग्रजीतल्या ‘लुक’ला मराठीत ‘पाहणे’ म्हणतात, असे आपण शाळेत शिकतो आणि भाषांतराला बसेपर्यंत ते पुरते. मीही तसाच बसलो. एका इंग्रजी कथेच्या माझ्या खर्ड्यात ‘पाहिले’ इतक्यांदा आले की संपादकांनी समासात नुसती प्रश्नचिन्हे काढून कागद परत पाठवले. त्यांना पुनरुक्ती खटकली असावी. माझी चूक वेगळीच होती.

इंग्रजीत ‘लुक’पुढे काय जोडले यावर अर्थ ठरतो. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी. ‘यू लुक टायर्ड’मध्ये तर पाहणारा नाहीसाच होतो, तिथे आपल्याला ‘दिसणे’ हे निराळे क्रियापद लागते. मराठीने उसना घेतलेला ‘लूक’ही बहुतेक याच बाजूचा, नटनट्यांचा आणि नव्या मोटारींचा. (‘लूक देणे’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा अपवाद.)

आपल्याकडे हे काम नामाला चिकटलेली अक्षरे करतात. ‘मुलगी पाहिली’, ‘मुलीला पाहिले’, ‘मुलीकडे पाहिले’. पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात ती नुसती नजरेस पडली, तिसऱ्यात मान वळली. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तला (१९११) शब्दयोगी अव्ययांचा भाग मी पुन्हा वाचला तो या ‘कडे’पायीच.

कारण ‘लुक ॲट’ आणि ‘लुक आफ्टर’ इंग्रजीत वेगळे, मराठीत मात्र दोन्हींना ‘कडे बघणे’ चालते. फुलपाड्यात आमच्या इमारतीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशी, रोज रात्री फोनच्या पडद्यावर भेटतो. एकदा जिन्यात म्हणाल्या, “तो रोज बघतो हो माझ्याकडे. पण माझ्याकडे बघायला कोण आहे?” हे इंग्रजीत न्यायचे तर ‘ॲट’ आणि ‘आफ्टर’ सुटे करावे लागतात, आणि आजींचे दुखणे नेमके त्या सांध्यात आहे.

माझ्या कथेतही एक म्हातारी होती आणि लागोपाठच्या दोन वाक्यांत हेच दोन ‘लुक’ होते. मी एकीकडे ‘पाहिले’, दुसरीकडे ‘सांभाळले’ लिहून मोकळा झालो होतो. कोशाप्रमाणे ते बरोबरच आहे. आता दोन्ही ठिकाणी ‘तिच्याकडे बघणे’ केले आहे. संपादकांना अजून पाठवलेले नाही.