यंत्राची साक्ष आणि ग्रंथाचे प्रमाण

ज्योतिष शिकू इच्छिणारा तरुण आज प्रथम सॉफ्टवेअर मिळवितो व मागाहून ग्रंथ शोधतो. त्याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. गणिताचे श्रम वाचविण्याची इच्छा आपल्या परंपरेत जुनीच आहे. शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचला, तो ज्याचापांचा खटाटोप टाळून ग्रह साधता यावेत म्हणूनच. तेव्हा प्रश्न यंत्र वापरावे की नाही हा नसून, कोणत्या यंत्राची साक्ष ग्राह्य धरावी, हा आहे.

साक्षीदाराने आपले ज्ञान कोठून आले ते सांगितले पाहिजे. या कसोटीस पी. व्ही. आर. नरसिंह राव यांचे ‘जगन्नाथ होरा’ उतरते. ते विनामूल्य आहे, त्यातील ग्रहगणित ‘स्विस एफेमेरिस’वर आधारलेले आहे आणि अयनांश निवडण्याची मुभा आहे. दोष इतकाच की, एक दशा समजण्यापूर्वीच विद्यार्थ्यापुढे अनेक दशापद्धती व वर्गकुंडल्यांचा ढीग पडतो.

अयनांशाची ही निवड मात्र क्षुल्लक नव्हे. १९५७ पासूनचे राष्ट्रीय पंचांग चित्रापक्षाचे. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचे. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचे असल्याने, शंभरांतील सुमारे तीस जन्मांचे नक्षत्रच या अंतराने बदलते. नक्षत्र तेच राहिले, तरी शुक्राच्या वीस वर्षांच्या महादशेत सहा वर्षांचा फरक पडतो. विवाहाचे गुणमेलन जन्मनक्षत्रावरून होते. म्हणजे एका कागदाने पसंत ठरलेली मुलगी दुसऱ्या कागदाने नापसंत ठरू शकते, आणि दोन्ही कागदांचे गणित निर्दोष! ज्या पत्रिकेवर अयनांश लिहिलेला नाही, ती पुराव्यात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ग्रंथांविषयी बोलायचे, तर आरंभ शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या मराठी ग्रंथाने करावा. त्यात भविष्य सांगण्याची युक्ती नाही. पंचांगामागील सिद्धांतांचा इतिहास आहे, आणि वर सांगितलेला वाद समजण्यास तोच हवा. पुढे मंत्रेश्वरांची ‘फलदीपिका’ घ्यावी. वराहमिहिरांचे ‘बृहज्जातक’ त्यानंतर, तेही भटोत्पलांच्या टीकेसह. मूळ इतके संक्षिप्त आहे की टीकेवाचून नवखा अडखळतो. ‘बृहत्पाराशरहोराशास्त्र’ सर्वत्र आधारास काढले जाते. परंतु त्याच्या मुद्रित प्रतींत अध्याय व श्लोक सारखे नाहीत. ‘पराशर म्हणतात’ असे सांगणाऱ्यास ‘कोणत्या प्रतीत?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

विद्यार्थ्याने निदान एक पत्रिका पंचांगावरून हाताने मांडावी व मग ती यंत्राशी ताडून पाहावी. एवढे केल्यावर यंत्र त्याचे धनी न राहता कारकून होईल. गणित विकलांपर्यंत अचूक आले, म्हणून फलही तितकेच अचूक ठरत नाही, हेही त्यास उमगेल. देवळाच्या सभामंडपात दोन कुटुंबे ज्याच्या शब्दाची वाट पाहत बसतात, त्याच्या ठायी एवढा विवेक असलाच पाहिजे.