न छापलेला आकडा

विद्यार्थ्यांनी बनविलेला एखादा उपग्रह अवकाशात गेला की मराठी वृत्तपत्रांत त्याची बातमी ठळकपणे येते, आणि ती यावीच. अशा बातम्यांची कात्रणे आम्ही जपून ठेवतो. ती एकत्र वाचली असता त्यांचा ठरलेला साचा ध्यानात येतो. उपग्रहाचे वजन किती, तो बनवायला किती वर्षे लागली, किती विद्यार्थी राबले, कोणत्या अग्निबाणावरून तो गेला, हे आकडे त्यांत असतात. प्राचार्यांचे मनोगत असते, पेढे भरविणाऱ्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र असते. एकच आकडा नसतो : हा उपग्रह किती मेगाहर्ट्झवर बोलतो?

ही तक्रार वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु यांतील बरेच उपग्रह हौशी रेडिओसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांत, म्हणजे १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. हौशी रेडिओचा जगभर पाळला जाणारा दंडक असा, की अर्थ लपविण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही. (उपग्रहाला जमिनीवरून दिल्या जाणाऱ्या आज्ञा तेवढ्या याला अपवाद.) तेव्हा अशा उपग्रहाचे बोलणे कोणत्याही एका प्रयोगशाळेचे नसते, ते ऐकणाऱ्या प्रत्येकाचे असते. त्याची वारंवारता न सांगता त्याची बातमी देणे म्हणजे नवी गाडी सुरू झाल्याचे सांगून तिची वेळ आणि फलाट न सांगण्यासारखे आहे.

या परंपरेचा आरंभच मुळी ऐकण्यातून झाला. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील हौशी मंडळींनी बनविलेला ऑस्कर-१ हा साडेचार किलोचा उपग्रह दुसऱ्या एका मोठ्या उपग्रहासोबत गेला. अग्निबाणावर तोल साधण्यासाठी एरवी नुसते वजन ठेवले जाई, त्या जागी याला बसविले होते. तो मोर्स लिपीत फक्त 'हाय' म्हणे : चार ठिपके, मग दोन ठिपके. शक्ती जेमतेम १४० मिलिवॉट. पण त्या 'हाय'ची गती उपग्रहाच्या आतील तापमानाप्रमाणे बदलत असे. हातात घड्याळ घेऊन ठिपके मोजणारा माणूस जमिनीवर बसून अवकाशातील तापमान मोजत होता! सुमारे तीन आठवड्यांत विद्युतघट संपले, तोवर २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी रेडिओचालकांनी आपल्या नोंदी पाठविल्या होत्या. या प्रयोगात उपग्रह हा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे ही माणसे.

आता आपल्याकडे पाहू. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ या अग्निबाणाने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा ४२.५ किलोचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून नेला. भारताने खास हौशी रेडिओसाठी सोडलेला हा पहिला उपग्रह. त्यावर संदेश उचलून परत पाठविणारी दोन यंत्रे होती : एक भारतीय, तर दुसरे नेदरलँड्समधील विल्यम लायेनार या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तयार केलेले. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकायचे आणि १४५.९ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे, असे त्याचे काम. जुलै २०१४ मध्ये विद्युतघट निकामी होईपर्यंत तो नऊ वर्षे चालला. त्याची कक्षा ध्रुवांवरून जाणारी असल्यामुळे तो नवी मुंबईच्या आकाशात रोज साधारण चार वेळा येई, आणि सुरुवातीच्या काळात त्यांतील दिवसाच्या फेऱ्या सकाळी दहा ते बाराच्या सुमारास होत. म्हणजे ऐन शाळेच्या वेळात! वाशी, नेरूळ, बेलापूर येथील विज्ञान-शिक्षकांशी आमचे नेहमी बोलणे होते. हॅमसॅटचे नाव त्यांतील अनेकांना स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांमुळे ठाऊक होते. त्याचा आवाज ऐकलेला मात्र आम्हांला एकही भेटला नाही. दोष शिक्षकांचा म्हणावा, तर त्यांना तो आकडा कोणी सांगितला होता?

२०१६ साली महाराष्ट्रातून दोन उपग्रह गेले. पहिला 'स्वयम्', पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ वरून. दुसरा 'प्रथम', पवईच्या आयआयटीचा. २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ वरून. दोन्हींची बातमी विद्यार्थ्यांच्या जिद्दीची कथा म्हणून आली. जिद्द होतीच. पण या दोन्ही उपग्रहांत शालेय विज्ञानाच्या दृष्टीने जे सर्वांत मोलाचे होते, तेच बातम्यांतून निसटले.

'स्वयम्' हा १० सेंटिमीटर बाजूचा, सुमारे एक किलोचा घन. एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी उतरविणे, हे त्याचे काम. आता अवकाशात गटांगळ्या खाणाऱ्या घनाचा अँटेना नीट दिशेला कसा राहणार? मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाके किंवा वायूच्या फवाऱ्या असतात. 'स्वयम्'मध्ये ऊर्जा न लागणारा उपाय होता : कायम चुंबक. उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्राच्या सुईप्रमाणे जुळून राहतो, आणि त्याचे झोके शमविण्यासाठी खास मिश्रधातूच्या कांड्या असतात. त्या सतत चुंबकित-विचुंबकित होताना झोक्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालवितात. प्रत्येक शाळेच्या कपाटात पट्टीचुंबक असतो. तो दोऱ्याला टांगला की किती वेळ झुलत राहतो, हे मुलांनी पाहिलेले असते. तोच चुंबक जमिनीपासून सुमारे ५०० कि.मी. उंचीवर नेला, तर उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंतच्या प्रवासात उपग्रह कसा वळत जाईल? यावर एक अख्खा तास रंगला असता. कात्रणांत मात्र 'अत्याधुनिक तंत्रज्ञान' एवढेच दोन शब्द सापडतात.

'प्रथम'च्या बाबतीत तर बातमी चुकीचीच होती, असे म्हणावे लागेल. 'हा उपग्रह वातावरणातील इलेक्ट्रॉन मोजणार' असे छापून आले. प्रत्यक्षात उपग्रह काही मोजणार नव्हता. तो १४५.९८ आणि ४३७.४५५ अशा दोन वारंवारतांवर लहरी पाठविणार होता. या लहरी आयनांबरातून खाली येताना तेथील मुक्त इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांमुळे त्यांच्या ध्रुवणाचे प्रतल फिरते. हे फिरणे वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दुसरी वारंवारता पहिलीच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून पहिली लहर दुसरीपेक्षा सुमारे नऊपट फिरणार. दोन्ही लहरींची प्रतले जमिनीवर मोजायची आणि त्यांतील फरकावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढायची, अशी ही योजना. थोडक्यात, उपग्रह हा दिवा होता. मोजणी करणारे उपकरण जमिनीवरचे अँटेना होते. म्हणूनच पवईच्या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांनाही आपापली भूस्थानके उभारायला प्रोत्साहन दिले. या प्रकल्पातील आम्हांला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच, आणि बातमीने तिलाच कात्री लावली.

अलीकडचे उदाहरण अधिकच जवळचे. १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ ने एक्सपोसॅट ही क्ष-किरणांची वेधशाळा नेली. अग्निबाणाचा चौथा टप्पा त्यानंतर ३५० कि.मी. उंचीच्या कक्षेत उतरवून प्रयोगांसाठी वापरण्यात आला. शीवच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचे बिलीफसॅट-० हे हौशी रेडिओचे उपकरण त्यावर होते. २१ मार्च २०२४ रोजी हा टप्पा वातावरणात शिरून नष्ट झाला. शीव ते वाशी म्हणजे खाडीपूल ओलांडण्याइतके अंतर. एवढ्या जवळ बनलेली वस्तू अडीच महिन्यांहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होती. आमच्या कात्रणांत तिच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ आली आहे.

याच्या उलट प्रकारही घडतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून शालेय विद्यार्थ्यांनी जुळविलेले १०० छोटे घन फुग्यांनी वर नेण्यात आले. महाराष्ट्रातील मुलेही त्यांत होती. 'विद्यार्थ्यांनी सोडले १०० उपग्रह' अशा अर्थाचे मथळे आपण सर्वांनी पाहिले. मुलांनी संवेदक जोडले, उंचावरील तापमान आणि दाब मोजण्याची तयारी केली. हा उपक्रम चांगलाच. पण फुगा वातावरणातच तरंगतो, फुटतो आणि खाली येतो. उपग्रह व्हायला सेकंदाला पावणेआठ कि.मी. इतका आडवा वेग लागतो आणि दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी व्हावी लागते. न्यूटनच्या तोफेची आकृती फळ्यावर काढणाऱ्या शिक्षकाने हा मथळा मुलांना कसा समजावून द्यावा? शब्दांची अशी उधळपट्टी झाली, की खऱ्या उपग्रहाचेही अप्रूप उरत नाही.

ऐकण्याने शाळा काय करू शकते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये केटरिंग नावाच्या गावातील ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी हे भौतिकीचे शिक्षक होते. त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर रसायन शिकवीत आणि हौशी रेडिओचालक होते. डॉप्लर परिणाम वर्गात दाखवावा, या साध्या हेतूने १९६० च्या सुमारास त्यांनी सोव्हिएत उपग्रहांचे संकेत पकडायला सुरुवात केली. साधन म्हणजे एक लघुलहरी ग्रहणसंच आणि वही. मुले वेळा टिपून ठेवीत. वर्षानुवर्षे नोंदी साचत गेल्या आणि १९६६ साली त्यांतून एक विसंगती पुढे आली : काही नवे कॉसमॉस उपग्रह बैकोनूरहून निघालेले असूच शकत नव्हते. त्यांच्या मार्गांच्या रेषा नकाशावर मागे नेल्या, तेव्हा त्या उत्तर रशियातील प्लेसेत्स्क येथे छेदल्या. एका गुप्त प्रक्षेपण-तळाचा पत्ता शाळेच्या वहीतून जगजाहीर झाला. सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व अधिकृतपणे मान्य केले ते १९८३ साली! यात महागडे यंत्र नव्हते. होती ती वारंवारता, घड्याळ आणि न कंटाळता केलेली नोंद.

आपल्या पाठ्यपुस्तकांत डॉप्लर परिणाम आगगाडीच्या शिट्टीपाशी थांबतो. सानपाड्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला शिट्टीचा सूर उतरल्याचे जाणवते, पण तो ते मोजत नाही. उपग्रहाच्या बाबतीत हे मोजता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक शाळांशी बोलते तेव्हा त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. स्थानक क्षितिजावर उगवताना हा आकडा सुमारे १४५.८०३५ भरतो आणि मावळताना सुमारे १४५.७९६५. फरक ७ किलोहर्ट्झ, त्याचा निम्मा ३.५. त्याला १,४५,८०० ने भागून प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे ३,००,००० ने गुणले की उत्तर येते सेकंदाला ७.२ कि.मी. खरा वेग ७.७ च्या जवळपास आहे. मग हा अर्धा कि.मी. कुठे गेला? उपग्रह क्षितिजावर असतानाही नेमका आपल्या दिशेने येत नसतो. त्याचा मार्ग आपल्या डोक्यावरच्या बाजूला थोडा कललेला असतो. ही त्रुटी नववी-दहावीच्या भूमितीने शोधता येते. दर अर्ध्या मिनिटाची नोंद घेऊन आलेख काढला, तर तो मधोमध जितका तीव्र उतरेल तितका उपग्रह जवळून गेला, हेही कळते. (साध्या एफएम संचावर आवाज ऐकू येतो, पण हा बारीक फरक मोजायला एसएसबी ग्रहणसंच किंवा संगणकाला जोडायचा छोटा ग्राहक लागतो.)

यावर शिक्षक म्हणतील, परवान्याचे काय? प्रक्षेपण करायचे तर परवाना हवाच. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही तिला बसता येते. पण सुरुवातीला जवळच्या परवानाधारक हौशी रेडिओचालकाला त्याच्या साहित्यासह शाळेत बोलावणे, हा सरळ मार्ग आहे. आमचा अनुभव असा, की ही मंडळी बोलावण्याची वाटच पाहत असतात. तासिकांचे वेळापत्रक ही मात्र खरी अडचण. उपग्रह आपल्या घंटेप्रमाणे येत नाही.

४ जुलै २०२५ रोजी अवकाश स्थानकावरील शुभांशु शुक्ला यांच्याशी बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातून विद्यार्थ्यांनी हौशी रेडिओवरून संवाद साधला. त्याची बातमी सर्वत्र आली, प्रश्नोत्तरेही छापून आली. स्थानक सुमारे ४२० कि.मी. उंचीवर असते, त्यामुळे ते एका वेळी २,२०० कि.मी. त्रिज्येच्या प्रदेशाला दिसते. बंगळुरूच्या आकाशात ते असते तेव्हा नवी मुंबईच्याही क्षितिजाच्या वर असते. अशा प्रसंगी आदल्या दिवशीच्या बातमीत वेळ आणि वारंवारता या दोन गोष्टी छापल्या, तर वाशीच्या खाडीकाठच्या शाळेलाही गच्चीवर जाऊन कान देता येईल. ऐरोली किंवा घणसोलीच्या शाळांनी पूर्वेकडील डोंगराचा अडसर लक्षात घेऊन पश्चिमेकडून येणारी फेरी निवडावी, आणि त्या दहा मिनिटांपुरते गच्चीखालच्या वर्गांतील एलईडी दिवे व पंखे बंद ठेवावेत. त्यांची खरखर १४५ मेगाहर्ट्झवरही पोहोचते.