घाशीरामाचा शेवट आणि नानांचा उत्सव

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरते : या नाटकाने नाना फडणवीसांवर आणि पुण्याच्या ब्राह्मणांवर अन्याय केला की नाही? मला या प्रश्नापेक्षा नाटकाचा शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पदावरून खाली ओढलेल्या जुलमी माणसाला लोक ठार मारतात, तेव्हा त्या आनंदाचा मालक कोण असतो, हा त्या शेवटाचा विषय आहे. वादाच्या धुरळ्यात तोच बाजूला पडला.

आधी इतिहास पाहू. घाशीराम सावळदास १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, त्या जागेवर राहिला. चोऱ्यांचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, बाजारावरची देखरेख, किरकोळ तंट्यांचा निवाडा आणि दंडवसुली ही सगळी कामे कोतवालीकडे होती. दंडाचा पैसा सरकारात जमा होई. कोतवालाची सक्ती ही त्यामुळे त्याची एकट्याची हौस नव्हती, ती सरकारच्या जमेची एक बाब होती. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला चावडीवर बसवून ठेवत. शहराला या कारभाराचा काच होता आणि वाड्यातल्यांना तो ठाऊक होता.

१७९१ च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेजवळ उतरले. बागेतली फळे तोडल्यावरून तंटा झाला. कोतवालाच्या माणसांनी तिसांहून अधिक जणांना एका कोंदट जागेत कोंडले आणि त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढले, असे ग्रँट डफने लिहिले आहे. मग तेलंगी ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दाराशी जमला. नाना आधी कचरले आणि नंतर त्यांनी कोतवालाला जमावाच्या हवाली केले. ३१ ऑगस्ट रोजी धिंड काढून घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी माझ्या मते नीट पाहायला हव्यात. पहिली अशी, की चौदा वर्षे दंड भरणारा पुण्याचा कोष्टी, कुणबी, तेली किंवा बाजारात बसणारी बाई नानांना हलवू शकली नाही. ब्रह्महत्या झाली तेव्हा मात्र दरबार दोन-तीन दिवसांत हलला. कोणाचे मरण सरकारच्या दाराशी नेता येते आणि कोणाचे नाही, याचा हा रोकडा हिशेब आहे. दुसरी गोष्ट अशी, की घाशीराम मेला आणि चौकशीही त्याच्याबरोबर संपली. त्याला नेमले कोणी, चौदा वर्षे राखले कोणी, त्याची वसुली कोणाच्या तिजोरीत गेली, हे विचारायला कोणी उरले नाही. पुढे दुसरा कोतवाल आला. नाना १८०० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कारभारातले मातब्बरच राहिले.

१८६३ मध्ये मोरोबा कान्होबा विजयकर यांनी ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचे पुस्तक लिहिले. तेव्हापासून हे नाव जुलमी अंमलदाराची खूण म्हणून मराठीत रुळले आहे. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये ही खूण उलटी फिरवली. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणला. वादामुळे त्या संस्थेने प्रयोग थांबवले, आणि बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा सुरू केले. नाटकातला घाशीराम आपली मुलगी गौरी नानांच्या हाती देऊन कोतवाली मिळवतो. हा भाग इतिहासात नाही, आणि आपले नाटक ऐतिहासिक नाही असे तेंडुलकरांनीही सांगितले होते. परंतु या कल्पित व्यवहारातून त्यांनी एक खरी गोष्ट दाखवली. जुलमी माणूस वरून नेमला जातो आणि त्याची किंमत आधीच ठरलेली असते.

शेवटाला जमाव वाड्यावर चालून येतो. नाना हुकूम देतात, घाशीराम मारला जातो आणि मग नाना स्वतः लोकांपुढे येतात. शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करून ते तीन दिवसांच्या उत्सवाची आज्ञा करतात. जो आनंद लोकांनी दगड हातात घेऊन मिळवला असे त्यांना वाटत होते, तो आता त्यांना सरकारी हुकमाने साजरा करायचा आहे. जमावाच्या रागाचा शेवटचा लाभार्थी तोच निघतो, ज्याच्यावर हा राग खरे तर जायला हवा होता. नाटकभर दिसणारी माणसांची भिंत इथे मला वेगळी वाटते. जे लपवायचे आहे त्यापुढे उभी राहणारी ही भिंत लोकांचीच बनलेली आहे.

नाटकावर माझा एक आक्षेपही आहे. कोतवालाच्या छळाचा जो प्रसंग रंगमंचावर सर्वांत ठसतो, त्यात तापलेला गोळा हाती दिला जातो तो एका ब्राह्मणाच्या. भिंत ब्राह्मणांची, फिर्यादी ब्राह्मण आणि सूड घेणारेही ब्राह्मण. दंड भरणारे बाकीचे पुणे नाटकात जवळजवळ नाही. १७९१ च्या दरबाराला जे दिसले नाही, ते १९७२ च्या नाटकालाही पुरते दिसले नाही. शिवाय मेलेले लोक तेलंगी होते आणि घाशीराम उत्तरेकडचा, म्हणजे मरणारे आणि मारला जाणारा दोघेही पुण्याला परकेच. नाटकाने घाशीरामाचे परकेपण ओळखले, पण त्या कोंडलेल्या लोकांचे परकेपण केवळ कथानकाच्या सोयीपुरते वापरले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या अक्कलकोटसारख्या गावातल्या वाचकाला ही उणीव अधिक टोचते.

हा प्रकार पुण्यापुरता नाही. २५ डिसेंबर १९८९ रोजी रुमानियात चाउशेस्कू पतिपत्नीला घाईच्या खटल्यानंतर गोळ्या घातल्या गेल्या आणि लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. सत्ता मात्र गेली ती इलिएस्कू यांच्याकडे, जे पूर्वी त्याच पक्षाचे पदाधिकारी होते. ३० डिसेंबर २००६ रोजी, ईदच्या दिवशी, सद्दाम हुसेनला फाशी दिली गेली. शिक्षा दुजैल गावातल्या १४८ शियांच्या हत्येबद्दल होती. कुर्दांच्या संहाराचा खटला तेव्हा चालू होता, पण मुख्य आरोपीच फासावर गेल्यामुळे त्याच्यापुरता तो मिटला. इराकमध्ये कुठे नाच झाला, कुठे शोक, आणि भारतात निषेधाचे मोर्चे निघाले. या साऱ्या गलबल्यात कुर्दांच्या हाती आरोपीचा जबाब आला नाही. कोंडून मारल्या गेलेल्या तेलंगी लोकांनाही पुण्यात मिळाला तो सूड, हिशेब नाही.

माझ्या जिल्ह्यात याची दुसरी बाजू आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप होता. तिथे फाशी देणारे सरकार होते आणि लोकांनी त्या फाशीचा अर्थ सरकारच्या हातून काढून घेतला. आज चौघांचे पुतळे शहराच्या मध्यभागी उभे आहेत. सरकारला त्या फाशीने दहशत बसवायची होती, लोकांनी तिची आठवण केली. घाशीरामाच्या बाबतीत नेमके उलटे झाले : दगड लोकांनी मारले आणि अर्थ नानांनी ठरवला.

म्हणून जुलमी माणसाच्या मरणाचा आनंद योग्य की अयोग्य, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ज्यांनी छळ सोसला त्यांना आनंद होणारच, आणि दुरून त्यांना सभ्यता शिकवणे सोपे असते. विचारायचे ते दुसऱ्या दिवशी : उत्सवाची आज्ञा कोणी दिली आणि कोणती वही त्या गर्दीत बंद झाली? तेंडुलकरांच्या नाटकाने हा प्रश्न मराठी प्रेक्षकापुढे ठेवला होता. आपण मात्र नानांची अब्रू मोजत बसलो.