सालबाईच्या तहाची मान्यता : तेरा दिवसांचा प्रश्न

सालबाईच्या तहासंबंधीं एक विधान इतक्या सहजपणें पुढें चालत आलें आहे कीं, त्याचा पुरावा मागण्याची कोणास आठवण राहिली नाहीं. महादजी शिंदे व डेव्हिड अँडर्सन यांनीं ग्वाल्हेरजवळ ता. १७ मे १७८२ रोजीं तह ठरविला. हेस्टिंग्सनें तो जूनमध्येंच मान्य केला. नाना फडणिसांची मान्यता मिळण्यास ता. २० डिसेंबर उजाडली. तत्पूर्वीं ता. ७ डिसेंबरास हैदरअल्ली वारला होता. यावरून, ती बातमी येतांच निरुपाय होऊन नानांनीं तह पत्करिला, असें रूढ मत आहे.

विलंब हेतुपुरस्सर होता, यांत वाद नाहीं. १७८० त पुणें, निजाम व हैदर इंग्रजांविरुद्ध एक झाले होते. त्याच हैदराकडून इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा मुलूख सोडविण्याचें आतां पेशव्यांच्या गळ्यांत पडत होतें. साष्टीही जात होती. पण विलंबाचें कारण एक आणि मान्यतेचें दुसरें असूं शकतें. पुढें वीस वर्षें इंग्रज-मराठ्यांत युद्ध झालें नाहीं. ही शांतता नानांनीं विचारानें स्वीकारिली कीं एका मृत्यूनें त्यांच्यावर लादली, हें या तेरा दिवसांवर अवलंबून आहे.

हैदर चित्तूरनजीक छावणींत वारला. टिपू तेव्हां मलबारांत होता. तो येईपर्यंत कारभाऱ्यांनीं मृत्यु गुप्त ठेविला. तरीही तेरा दिवसांत पुण्यास खात्रीची बातमी येणें अशक्य, असें आम्ही म्हणत नाहीं. जासुदांची चाल आम्हांस ठाऊक आहे. परंतु जें शक्य तें घडलेंच, असें मानणें हा पुरावा नव्हे. पुरावा असेल तो पत्रावरील पैवस्तीच्या शेऱ्यांत. नकलकार आणि, सांगावयास खेद होतो, कित्येक संपादकही मजकूर तेवढा उतरतात व हा शेरा गाळतात. मग पत्र लिहिल्याचा दिवस राहतो, पोंचल्याचा जातो. आणि येथें तर सारा वाद पोंचल्याच्या दिवसाचा आहे.

शिक्कामोर्तबाची प्रत हातीं लागली कीं संग्राहकांस धन्यता वाटते. आमची विनंती अशी कीं, हिजरी ११९७ च्या मोहरमांतील कर्नाटकाकडील साधीं बातमीपत्रें कोणाच्या दफ्तरांत असल्यास त्यांची पाठ व समास आधीं पहावा, आणि शेरा पुसट असला तरी जसाच्या तसा उतरून घ्यावा. तहाच्या प्रतींची अदलाबदल ता. २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं झाली. तोंपर्यंत हैदराचा मृत्यु सर्वश्रुत झालेला होता. त्या सुमाराच्या पत्रांचा या प्रश्नास उपयोग नाहीं.