तेल न दिसणारी तेलाची कादंबरी

वाळवंटातून तेल कसं काढतात ते कळावं म्हणून कुणी अब्दुल रहमान मुनीफ यांची 'सिटीज ऑफ सॉल्ट' उघडली, तर त्याची निराशा होईल. मुनीफ तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेले, त्या उद्योगात नोकरी केलेले लेखक. तरी १९८४ साली अरबीत आलेल्या या पहिल्या खंडात बॅरल आणि भाव यांचा हिशोब नाही. तेल जवळजवळ दिसतच नाही. ते निघावं म्हणून काय काय हटवलं गेलं, तेवढं दिसतं.

वादी अल-उयून हे झऱ्यांचं आणि खजुरीचं गाव. अमेरिकी लोक येतात ते पाणी शोधायला आलोय असं सांगून. मितेब अल-हथालचा त्यावर विश्वास बसत नाही. पुढे यंत्रं झाडं उपटू लागतात, तेव्हा तो उंटिणीवर बसून निघून जातो आणि कादंबरी नायकाशिवाय पुढे चालू राहते.

जॉन अपडाइक यांनी १९८८ साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये लिहिताना नेमकं इथेच नाक मुरडलं: एका माणसाचा प्रवास नाही, तर ही कादंबरी कसली? मला हीच तिची ताकद वाटते. गाव उठतं तेव्हा नायक उरत नाही. उरतात ते हर्रान बंदरात पाइपलाइनच्या कामावर लागलेले, बराकीत झोपणारे, शेवटी संपावर जाणारे अनेक जण.

एक उणीव मात्र खटकते. हे कामगार जवळजवळ सगळे अरब आहेत. खरं आखात मल्याळी, पाकिस्तानी, कोकणी अशा अनेकांच्या हातांनी उभं राहिलं. ती भाषांची सरमिसळ इथे नाही. अमिताव घोष यांनी १९९२ च्या 'पेट्रोफिक्शन' या लेखात हे आधीच दाखवून दिलंय, आणि ते मान्य करावंच लागतं.

तरीही उल्हासनगरात बसून वाचताना ही कादंबरी परकी वाटली नाही. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं, मुख्यतः कारखान्यांसाठी बांधलेलं. त्याची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातले पाडे पाण्याखाली गेले. एमआयडीसीचं तेच पाणी आमच्या नळाला येतं. वादीतलं पाणी तेलापायी गेलं. इथे काढून नेण्याची वस्तू पाणी हीच आहे, आणि ते पिणाऱ्यांत मी आहे. मुनीफ वाचताना मी स्वतःला सहज वादीच्या बाजूला धरलं होतं. आपण हर्रानमध्ये राहतो, हे उशिरा लक्षात आलं.

दर पावसाळ्यात बारवी भरल्याची बातमी येते. तिच्यात टक्केवारी असते, पाड्यांची नावं नसतात. वादीची झाडं कुणी लावली, त्या झऱ्यावर कोण बसायचं, हे मात्र मुनीफ विसरू देत नाहीत.