दादाचा प्रश्न आणि सोमवार सकाळची प्रश्नावली

माझा दादा रोह्याला राहतो आणि पेणच्या एका ऑफिसात बसतो. सकाळची एसटी, नागोठणे, वडखळ, पेण. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला. दादा मला म्हणाला, "चालतो रे, पण कधी? तुमच्या संशोधनात हे लिहिलंय का?"

म्हणून एक जुना, गाजलेला पेपर पुन्हा वाचला. जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांचा, 1973 सालचा, 'लॅन्सेट'मधला. विषय दादाचाच: खुर्चीवर बसून काम करणारे. 1968 ते 70 दरम्यान 40 ते 64 वयाच्या 16,882 ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांकडून सोमवारी सकाळी आधीच्या शुक्रवार-शनिवारी काय काय केलं ते लिहून घेतलं. पुढे 214 जणांना पहिल्यांदा हृदयविकार झाला. त्यांच्यापैकी 11 टक्क्यांनी जोरकस व्यायाम नोंदवला होता. आजारी न पडलेल्या तुलनेच्या सहकाऱ्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. म्हणजे धोका साधारण एक तृतीयांश.

आधी चांगलं काय ते बघा. "तुम्ही व्यायाम करता का?" असं मोघम विचारलं की आपण सगळेच थोडं वाढवून सांगतो. इथे ठरावीक दोन दिवस विचारले, तेही आठवण ताजी असताना. आणि आजार होण्याआधी.

आता अडचणी. नोंदवलेल्या दोन दिवसांत कामाचा दिवस एकच, शुक्रवार. तेव्हा ऑफिसच्या दिवसात व्यायाम कसा बसवायचा, यावर हा पेपर जवळजवळ गप्प आहे. दुसरं, सगळे पुरुष. तिसरं, शनिवारी बाग खणणारा माणूस मुळातच धडधाकट असेल तर? मॉरिसना हा सापळा माहीत होता. लंडनच्या बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना ड्रायव्हरपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे त्यांनी 1953 मध्ये दाखवलं. मग 1956 मध्ये गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा तरुण वयातही मोठ्या निघाल्या!

हीच प्रश्नावली उचलून रायगडात आणली तर काय होईल? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात महाराष्ट्रही होता, आणि फावल्या वेळात व्यायाम करणारे 10 टक्क्यांहून कमी भरले. फक्त फावल्या वेळाचं विचारलंत, तर स्टँडपर्यंतची चाल आणि घरातली कामं तुमच्या आकडेवारीत येणारच नाहीत. शिवाय जानेवारीत विचारलेलं आणि जुलैच्या पावसात विचारलेलं उत्तर सारखं नसेल.

दादाला मी मॉरिस नाही सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 'एका दमात किमान 10 मिनिटं' ही अट काढली, एवढं सांगितलं. आठवड्याला 150 मिनिटं हवीत, पण तुकड्यातुकड्यांत चालतात. आता तो पेणला एक थांबा आधी उतरतो आणि झपझप चालतो. पावसाळ्यात काय, ते अजून ठरलेलं नाही.

तुम्ही पुढचा पेपर वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा आणि वहीत लिहा: कोणाला विचारलं, कोणत्या दिवसांबद्दल, आणि कोण सुटलं. दादासारखा माणूस त्यात बसतो का, ते मग कळेल.